जाळ्यापाशी थांबलेली गोष्ट

शैला, तुझ्या पुस्तकाची प्रूफं आली आहेत. सगळी वाचून झाली. आकृत्या चांगल्या उतरल्या आहेत. मुद्रक रेषा जाड करून ठेवेल अशी तुला धास्ती होती, तसं त्याने काही केलेलं नाही. एकच पान अडलं होतं, शेवटचं. त्यावरच्या एका वाक्यावरून आपलं भांडण चाललं होतं आणि ते मिटायच्या आत तू गेलीस. ते वाक्य ठेवायचं की काढायचं, हे मला ठरवायचं होतं. आणि तुझ्या भावाला.

वर्तमानपत्रात असताना मी मृत्युलेख पुष्कळ लिहिले. वय, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण, असा त्याचा ठरलेला साचा असतो. इथे तो लावत नाही. तू काय करत होतीस, एवढंच सांगते, कारण ते न सांगता पुढचं कळणार नाही.

तू वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ट्रेसर होतीस. इंजिनिअरांनी पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या पारदर्शक कागदावर शाईने उतरवायच्या, हे तुझं काम. संगणक आल्यावर ते काम संपलं. निवृत्त झाल्यावर बाळकुमच्या फ्लॅटमध्ये तू हॉलच्या मधोमध ड्रॉइंग बोर्ड मांडलास. शेजाऱ्यांना वाटलं, मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेशील. तू काढायला घेतल्या त्या दुसऱ्या महायुद्धातल्या बचाव नौका, रबरी होड्या आणि समुद्रात पडलेल्या वैमानिकांना बाहेर काढायची सगळी साधनं.

मला तू बोलावलंस भाषा तपासायला. आपण डोंबिवलीच्या एकाच चाळीत वाढलो, एकाच शाळेत गेलो, त्यामुळे फी मागायची सोय नव्हती. पहिल्याच दिवशी तू अट घातलीस.

"हे बघ मीना, तुमच्या पेपरासारखं नको करू. लाटा उसळत होत्या, काळ आ वासून उभा होता, असलं काही दिसलं तर कागद फाडीन."

"आमच्याकडे लाटा उसळल्या तर कापत होतो आम्ही."

"कापा. पण आकृतीला हात लावायचा नाही."

नाही लावला.

त्या कागदांतून मला जे कळलं ते मी आधी कुठेच वाचलं नव्हतं. युद्ध सुरू झालं तेव्हा विमानं होती, बॉम्ब होते, पण समुद्रात पडलेल्या माणसाला शोधून आणायची नीट व्यवस्था फार थोड्या ठिकाणी होती. आसपास मासेमारीची होडी असली तर नशीब. मग हळूहळू एकेक गोष्ट तयार होत गेली. वैमानिक ज्या उशीवर बसतो तिच्यातच घडी घालून ठेवलेली एकट्याची रबरी होडी. छोट्या नळकांड्यातल्या वायूने ती फुगायची. तिला भोक पडलं तर बुजवायला लहानमोठी लाकडी बुचं. गुडघ्यांत धरून हाताने फिरवायचा बिनतारी संदेशयंत्राचा डबा, ज्याची तार पतंगाने वर चढवायची. समुद्रात नांगरून ठेवलेल्या तरत्या खोल्या, आत पलंग, कोरडे कपडे आणि खाणं. जो पोहत पोहोचेल त्याने चढावं. विमानाच्या पोटाला बांधलेली लाकडी होडी, जी पॅराशूटवर खाली सोडायची. तिच्यात इंजिन आणि शीड तर असेच, शिवाय ज्याने जन्मात होडी चालवली नाही अशा माणसासाठी सूचनाही असत.

प्रत्येक आकृतीत तू एक माणूस काढायचीस. मापाचा अंदाज यावा म्हणून. त्याला नाकडोळे नसत. मी एकदा विचारलं, चेहरा का नाही, तर म्हणालीस, "स्केलला चेहरा नसतो." पण बुचांच्या आकृतीत त्या माणसाने एक बूच दातात धरलं होतं. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून, असं तुझं स्पष्टीकरण. ते कुठल्याही संदर्भात नव्हतं. मी ते राहू दिलं.

तू काहीही नुसतं वाचून मान्य करायची नाहीस. पाण्यात पडलेला माणूस विमानातून दिसावा म्हणून त्याच्या जॅकेटमध्ये रंगाची पुडी असे. ती पाण्यात विरघळली की आजूबाजूला झगझगीत हिरवा डाग पसरे. हे वाचल्यावर तू रसायनांच्या दुकानातून तो रंग आणलास आणि सोसायटीच्या पोहण्याच्या तलावात सोडलास. सकाळी, पोहणारे यायच्या आधी. मी तिथे होते. चिमूटभर पुडीने अर्धा तलाव हिरवा झाला. सेक्रेटरी टॉवेल खांद्यावर टाकून आले आणि काठावर उभेच राहिले.

"मॅडम, हे काय आहे?"

"रंग. विषारी नाही."

"ते नाही विचारलं मी. हे काय आहे?"

"इथून नाही कळणार. गच्चीवर जा आणि बघा."

तुझा आवाज असा होता की ते खरोखर गेले. वरून त्यांनी हात हलवला. तू मला म्हणालीस, "दिसलं. लिही." तलाव रिकामा करण्याच्या आधीच तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीतून हिरवं पाणी झिरपताना दिसलं. वर्षभर तलावाचं पाणी कुठे जातंय ते कोणाला सापडत नव्हतं, ते सापडलं. आभाराचा ठराव मात्र झाला नाही. तलावात संशोधन करू नये, अशी पाटी लागली. ती अजून आहे. परवा तुझ्या घरी गेले तेव्हा पाहिली.

आता शेवटच्या पानाबद्दल.

तुझे वडील, सगळ्या चाळीचे तात्या, युद्धाच्या काळात मुंबईच्या किनाऱ्यावर अशाच एका बचाव नौकेवर खलाशी होते. कोकणातल्या समुद्रकाठच्या गावातून आलेले, पाण्याची भीती नसलेले. युद्ध संपल्यावर ते शहाडच्या एका कारखान्यात लागले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिले. युद्धाबद्दल ते एकच गोष्ट सांगत. ती मीही ऐकली आहे, कारण गॅलरीत ऐकायला बसणाऱ्या पोरांत मीही असायचे.

विमान पडल्याचा निरोप येतो. नौका निघते. इंजिनांचा आवाज इतका की माणसं खुणांनी बोलतात. ठरलेल्या जागी काही नसतं. मग चौकोनात शोधायचं, आधी लहान चौकोन, मग त्याच्या बाहेर मोठा, मग आणखी मोठा. उन्हं कलतात तेव्हा हिरवा डाग दिसतो. डागाच्या टोकाला पिवळं जॅकेट. इंजिनं बंद करतात, कारण पाण्यातल्या माणसाजवळ पंखा फिरता ठेवायचा नाही. कडेवरून दोराचं जाळं सोडतात. तात्या जाळ्यावरून खाली उतरतात, कमरेपर्यंत पाण्यात.

इथे तात्या उठायचे आणि चूळ भरायला मोरीत जायचे.

"मग, तात्या?"

"मग काय. आलो परत."

दर वेळी इथेच. मी कितीतरी वेळा ऐकली, गोष्ट जाळ्याच्या पुढे गेली नाही. पुढचा भाग तुझ्या धाकट्या भावाने, श्रीकांतने जोडला. त्याच्या गोष्टीत तात्या त्या वैमानिकाला खांद्यावर टाकून वर येतात, तो शुद्धीवर येतो आणि तात्यांना सलाम करतो. त्याचा आम्ही खेळ केला होता. चाळीचा जिना म्हणजे जाळं. श्रीकांत तात्या व्हायचा. बुडणारा वैमानिक बहुतेक वेळा मलाच व्हावं लागे, कारण मी वजनाने हलकी होते. तू खेळात नसायचीस. कठड्यावर बसून बघत असायचीस.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. घोडबंदर रोडवर माझ्या घराजवळ आपण रस्ता ओलांडत होतो. तू माझं मनगट पकडलंस.

"नीट हात धर की. पोलिसासारखी काय नेतेस?"

"हात सुटतो."

"सुटायला मी काय लहान आहे?"

पलीकडे गेल्यावर, बस थांब्यापाशी उभं राहून, तू मला ते करून दाखवलंस. पाण्यातल्या माणसाचा हात धरायचा नाही. तो गारठलेला असतो, बोटं मिटत नाहीत, वर विमानाचं तेल लागलेलं असतं. आपण त्याचं मनगट धरायचं आणि त्यालाही आपलं मनगट धरायला लावायचं. त्याची पकड गेली तरी आपली राहते. तात्यांनी आयुष्यात कुणाचा हात धरला नाही, असं तू म्हणालीस. तुला शाळेत सोडतानाही मनगटच. गणपती बोळवायला गेल्यावर ते पाण्यात सगळ्यात पुढे उभे राहत आणि कुणी हात पुढे केला तर तो बाजूला सारून मनगट धरत. मला आठवलं, हो, करत होते. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

या दोन गोष्टी जोडून तू शेवटच्या पानावर लिहिलंस: 'माझ्या वडिलांच्या हातून एक माणूस सुटला होता.'

मी त्या वाक्याखाली रेघ मारली. तुझ्या हॉलमध्ये, बोर्डाच्या दोन बाजूंना बसून आपण जे बोललो ते मला जवळपास शब्दशः आठवतं.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही."

"तात्या बोलले होते?"

"बोलले असते तर लिहायची गरज नव्हती."

"शैला, त्यांना शिकवलं असेल तसं धरायला. नौकेवर सगळ्यांनाच शिकवत असतील. त्याची सवय लागते. सवय म्हणजे पुरावा नाही."

"शिकवलेलं माणूस विसरतो. ते विसरले नाहीत."

"बरं, मग 'मला वाटतं' घाल. माझ्या वडिलांच्या हातून एक माणूस सुटला असावा, असं मला वाटतं."

"मला वाटत नाही. मला माहीत आहे."

"कसं?"

"तुमच्या पेपरात 'असे समजते' लिहून काय काय छापलंत, तेव्हा विचारलं होतं कुणाला कसं?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, ते मी दिलं, त्यावर तू दुसरं दिलंस. चहा झाला. विषय तिथेच राहिला. पुढच्या भेटीत पुन्हा निघाला आणि पुन्हा तिथेच राहिला. माझं म्हणणं असं होतं की बाकीचं सगळं पुस्तक मोजूनमापून केलेलं आहे. शेवटच्या पानावर एक अंदाज खरा म्हणून दिलास तर वाचणारा मागच्या पानांवरही शंका घेईल. तुझं म्हणणं, बहुतेक नौका रिकाम्या परत आल्या आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. त्या परत आलेल्या माणसांपैकी एक तुझ्या घरात होता, आणि त्याच्याबद्दल तू तरी गोड लिहिणार नव्हतीस. दोन्ही म्हणणी बरोबर होती. म्हणून ते मिटत नव्हतं.

मग तू आजारी पडलीस. इस्पितळात मी तुझ्याच सवयीने तुझं मनगट धरायला गेले, तर नर्स म्हणाली, "ताई, तिथे सुई आहे." दुसऱ्या मनगटातही होती. म्हणून हात धरला. तू डोळे उघडून आपल्या दोघींच्या हाताकडे पाहिलंस आणि भुवया वर केल्यास. ती तुझी नापसंती होती. बोलता येत असतं तर टोमणा मारला असतास. मला तो माहीत आहे, लिहीत नाही.

दहन झाल्यावर श्रीकांत मला तुझ्या घरी भेटला. बोर्डावर तू गेल्या महिन्यात लावलेला कागद तसाच होता. तो त्याकडे न बघता म्हणाला, "मीनाताई, ते शेवटचं पान ताईने मला वाचून दाखवलेलं. मी तेव्हाच सांगितलेलं, नको. ते वाक्य काढा."

"काढायचं असतं तर तिनेच काढलं असतं, श्रीकांत."

"तिला कोण काय सांगणार. पण तात्या गेले तेव्हा त्यांच्याजवळ मी होतो, ती ऑफिसात होती. मला तर काही बोलले नाहीत ते. आयुष्यभर चाळीत लोक त्यांना बोटीवाले तात्या म्हणायचे. त्या माणसाने लोकांना वाचवलंय. आणि पुस्तकात काय येणार, हातून सुटला?"

"मलाही ते वाक्य जसंच्या तसं नको आहे. पण वेगळ्या कारणाने."

"कारण काहीही असू दे. काढा."

एका परीने सोपं झालं होतं. दोन मतं विरुद्ध, आणि तुझं मांडायला तू नाहीस. मुद्रकाचा फोन येऊन गेला होता. तरी पान गेलं नाही. मी ते टेबलावरच ठेवलं.

अस्थी विसर्जनाला आपण कल्याणला खाडीवर गेलो. आपण म्हणते, कारण तूही होतीस, श्रीकांतच्या हातातल्या पिशवीत. ओहोटी होती. पाणी मागे गेल्यामुळे खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि त्यांवर शेवाळ होतं. गुरुजी वर थांबले आणि म्हणाले, जपून. श्रीकांतने विधी केला, मडकं सोडलं. ते जरा तरंगलं, कललं आणि गेलं. तो वळून वर आला. मी एक पायरी खाली होते. नमस्कार करून वळताना माझा पाय घसरला.

काय झालं ते क्रमाने सांगते. मी पडता पडता श्रीकांतच्या दिशेने हात पुढे केला, पंजा उघडा. त्याने तो घेतला नाही. त्याच्यावरून पुढे जाऊन त्याने माझं मनगट पकडलं. एका झटक्यात मी पायरीवर उभी होते. डावी चप्पल पाण्यात गेली होती.

"लागलं का?"

"नाही."

"चप्पल गेली."

"जाऊ दे."

मनगट त्याने सोडलं नव्हतं. माझं लक्ष तिकडे गेलं, आणि मग त्याचं. आम्ही दोघंही त्याच्या हाताकडे बघत होतो. चप्पल ओहोटीबरोबर, मडकं गेलं त्या दिशेने चालली होती. तू असतीस तर हसली असतीस.

आम्ही वर येऊन रिक्षा केली. ती डोंबिवलीच्या रस्त्याला लागली. मग श्रीकांत बाहेर बघत म्हणाला, "शिकवलं नाही कधी त्यांनी. असंच धरायचे."

"हं."

"गोष्टीचा शेवट मी लावलेला. तुम्हाला माहितीये."

"माहीत आहे."

"ताईला?"

"तिला पहिल्यापासून. ती कठड्यावर बसलेली असायची ना."

"बोलली नाही कधी."

"तुला कशाला बोलेल?"

त्याने रिक्षावाल्याला पुढे डावीकडे घ्यायला सांगितलं. उतरताना माझ्या अनवाणी पायाकडे बघून म्हणाला, "घरी चला, बायकोची एखादी चप्पल देतो." आणि फाटक उघडता उघडता, "राहू दे तिचं वाक्य. लिहिलंय तसं राहू दे."

त्याची हरकत संपली. माझी उरली, आणि ती घाटावरच्या प्रसंगाने सुटत नाही. एका मुलाने बापासारखं मनगट धरलं, यावरून समुद्रावर तेव्हा काय झालं ते सिद्ध होत नाही. कुणा वार्ताहराने असली बातमी आणली असती तर मी ती परत पाठवली असती. हे मी तुला तेव्हा सांगितलं, आजही सांगते. तात्यांच्या हातून माणूस सुटला, की हाती लागण्याआधीच तो गेलेला होता, की दुसऱ्याच कुणाच्या हातून सुटला आणि तात्यांनी फक्त पाहिला, हे कळायला आता मार्ग नाही.

पण एक चूक माझ्या लक्षात आली. मी ते वाक्य तात्यांबद्दलचं म्हणून तपासत होते. त्या नौकेबद्दल सांगायला कुणी उरलेलं नाही. त्या घरात वाढलेली तू होतीस. तुझं मनगट रोज शाळेपर्यंत कुणी धरलं होतं, त्या पकडीत काय होतं, हे माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत असणार. त्या बाबतीत साक्षीदार तूच आहेस, आणि साक्षीदाराच्या तोंडी मी 'मला वाटतं' घालत नाही. नोकरीत कधी घातलं नाही.

तुझं वाक्य जसं होतं तसं ठेवलं आहे. खाली तळटीप दिली आहे, माझ्या नावाने. तीत एवढंच आहे की तात्यांची गोष्ट जाळ्यापाशी थांबत असे, पुढचा भाग मुलांनी जोडला होता, आणि तुझ्या मृत्यूनंतर खाडीच्या घाटावर मी काय पाहिलं. माणूस सुटला, असं मी त्यात म्हटलेलं नाही. ते तू म्हटलं आहेस. श्रीकांतला फोनवर वाचून दाखवली. तो म्हणाला, चपलेचं नका लिहू. ते काढलं.

तळटीप तुला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. बारीक टायपातलं 'असे समजते' म्हणशील. म्हण. या भांडणात शेवटचा शब्द मला मिळावा असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि मिळाल्यावर तो वापरायची सवयही नाही. तुझ्या आकृत्यांनी मला एका गोष्टीकडे नीट बघायला लावलं, बाकी सगळं आयुष्य मी दुसऱ्यांनी बघितलेलं लिहून घेतलं. त्याचे आभार तुझ्या हॉलमध्ये मानायचे राहिले, ते इथे.

पान आज मुद्रकाकडे गेलं. मनगटावर श्रीकांतच्या अंगठ्याची खूण उठली आहे. आधी काळीनिळी होती, आता कडेने पिवळी पडते आहे.